लाल ट्रॅक्टरची पारख

"त्यांना नेतेस तर खुशाल ने, पण काही विचारायचं झालं तर समोर उभी राहून विचार," एवढं सांगून मामीने दार लावून घेतलं.

भाचीला त्यात काही वावगं वाटलं नाही. मामा पहिल्यापासून आपल्याच तंद्रीत असायचा. मागून मारलेल्या हाकेला त्याने लगेच ओ दिली असती, तर उलट तिलाच काळजी वाटली असती. तिने गाडीचं दार उघडलं. मामा आत बसला, मांडीवर हत्यारांची कापडी पिशवी घेतली आणि समोर बघत म्हणाला, "चल चिऊ. पण मी नुसता बघणार. घ्यायचं की नाही ते तुझं तू ठरव."

चिऊने चाळिशी ओलांडली होती, चष्मा लागला होता, पण मामाच्या लेखी ती अजून चिऊच होती.

मामाचं इंजिनं दुरुस्त करायचं गॅरेज होतं. पाण्याचा पंप असो, मोटरसायकल असो नाहीतर लाकूड कापायचं यंत्र, मामाकडे आलं की चालू होऊनच जायचं. त्याच्या कानांचं गावभर कौतुक होतं. गिऱ्हाईक गाडी घेऊन अजून कोपऱ्यावर असायचं आणि मामा आतून ओरडायचा, "टॅपेट ढिले झालेत, बाजूला लाव!" मग एक दिवस त्याने गॅरेजला कुलूप लावलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "कंटाळा आला." तेव्हापासून तो घरातच असायचा. कुणाकडे जाणं नाही, येणं नाही. जुने सोबती भेटायला आले तर त्यांच्या बोलण्यावर नुसती मान हलवायचा. म्हातारपणी शिष्ट झाला, असं लोक म्हणू लागले.

भाचीची रोपवाटिका होती. घरामागची जमीन लांबलचक आणि अरुंद, रिबिनीसारखी. एका बाजूला रोपांचे वाफे, दुसऱ्या बाजूला फळझाडांच्या ओळी. त्या ओळींमध्ये मोठा ट्रॅक्टर शिरला तर वळायलाच जागा नाही. त्यामुळे सगळी माती कुदळीने उकरायची. गेल्या हंगामात तिची पाठ अशी धरली की चपला घालायला नवऱ्याला बोलवावं लागायचं. नवरा दवाखान्यात एक्स-रे काढायचा. त्याने बायकोच्या कण्याचा फोटो काढला, दिव्यासमोर धरून बघितला आणि सांगितलं, "कुदळ बंद." पुढचं काही त्याच्या हातात नव्हतं. यंत्राच्या बाबतीत त्याला एकच गोष्ट यायची, ते बंद पडलं की फोन करणं.

नवीन यंत्राच्या किमती ऐकूनच तिने तो नाद सोडला होता. अशात तिला कळलं की एक निवृत्त पोस्टमास्तर आपला जुना ट्रॅक्टर विकताहेत. बागेत चालवायचा, छोटा, एका सिलिंडरचा, जेमतेम टेबलाच्या उंचीचा. त्यांनी फोनवर पाठवलेला फोटो बघून ती हरखूनच गेली. लालभडक रंग, गोल दिवे, लोखंडी आसन. पण त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून ती भानावर आली. इतक्या जुन्या वस्तूला इतके पैसे द्यायचे, तर आतून ती काय लायकीची आहे हे कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि ते सांगू शकेल असा माणूस तिच्या ओळखीत एकच होता.

पोस्टमास्तर फाटकातच वाट बघत उभे होते. उंच, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट. घरात सगळीकडे खोकी बांधून ठेवलेली दिसत होती. "बहिणीकडे राहायला चाललोय," ते म्हणाले. "तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. तिथे मी मावतोय हेच खूप झालं, ट्रॅक्टर कुठला नेणार? या, या. मिस्त्री, तुम्ही पण या. वडिलांनी घेतला होता हा. त्याची मोठी गंमत आहे..."

आणि शेडकडे चालता चालता त्यांनी गंमत सांगायला सुरुवात केली. वडिलांनी तो ट्रॅक्टर कसा घेतला, कसा आणला, आईने त्याला पहिल्या दिवशी घराच्या जवळ कसा येऊ दिला नाही. मामा शेजारून चालत होता आणि मधूनमधून "वा" म्हणत होता. त्यातला एक "वा" वडील आजारी पडले तिथे आला. पोस्टमास्तर जरा चमकले, पण भिडस्त माणूस, पुढे बोलत राहिले.

शेडचं दार उघडल्यावर भाचीने श्वास रोखला. फोटोत होता त्यापेक्षाही तो सुंदर होता. खिडकीतल्या उन्हात रंग नुसता चमकत होता.

मामाला मात्र रंगाचं काहीच नव्हतं. तो सरळ पुढे गेला आणि त्याने इंजिनावर पंजा ठेवला.

"गार आहे," तो म्हणाला. "चांगलं झालं. गरम असतं तर इथूनच मागे फिरलो असतो."

"का?" भाचीने समोर येऊन विचारलं.

"आजारी इंजिन पाहुणे यायच्या आधी गरम करून ठेवतात. गरम झालं की तेही चार माणसांत शहाण्यासारखं वागतं. खरं काय ते गार असताना कळतं."

मग त्याने पिशवीतून लोहचुंबक काढलं. कुठल्यातरी फुटक्या स्पीकरमधलं होतं ते. ट्रॅक्टरच्या अंगावरून तो ते हळूहळू फिरवू लागला, डॉक्टरांनी छातीवर नळी फिरवावी तसं. चुंबक चिकटत चिकटत पुढे सरकत होतं. बॉनेटच्या कोपऱ्यावर आलं आणि घसरून खाली पडलं.

पोस्टमास्तरांचा चेहरा पडला. "तिथे भोक होतं," ते म्हणाले. "गंजलं होतं. मीच लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि वर रंग दिला. फसवायचं म्हणून नाही हो. विकायला काढायचा तर जरा नीटनेटका करून द्यावा, म्हणून."

मामाने लांबीवर बोट फिरवलं. "हात चांगला आहे रंगाला," तो म्हणाला, "पण रंग विकत घेऊन काय करायचंय? हा नंबर बघ चिऊ, इंजिनावरचा. त्याच्यावरही रंग मारलाय. हौशी माणसं जुन्या यंत्रावर हाच नंबर आधी शोधतात. मूळचा उडालेला रंग असता तर जास्त पैसे आले असते."

"म्हणजे मी इतके दिवस राबून किंमत कमी केली?" पोस्टमास्तरांनी कपाळाला हात लावला.

मामा पुढच्या चाकाशी उकिडवा बसला होता. त्याला ते ऐकू गेल्यासारखं दिसलं नाही. त्याने चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. चाक किंचित डुगडुगलं. टायरच्या कडेच्या भेगांत त्याने नख घालून बघितलं. मग ब्रेकच्या पायपट्टीवरचं रबर बघितलं, ते गुळगुळीत झालं होतं पण फाटलं नव्हतं. "राबलाय," तो म्हणाला, "पण हाल नाही झाले त्याचे." तेल मोजायची पट्टी त्याने ओढून काढली, तेलाचा थेंब बोटांत चोळला, उजेडात धरला, वास घेतला. तेलात चमकणारा कण नव्हता. "आत लोखंड झिजत असेल तर ते तेलात उतरतं. चांदीची पूड टाकल्यासारखं दिसतं. तसं नाहीये."

भाचीच्या जिवात जीव आला.

मग मामाने इंजिन चालू करायची दोरी हातात घेतली. झटका न देता ती हळूहळू ओढली. मध्येच दोरी अडली, जणू पलीकडून कुणीतरी धरून ठेवली होती, आणि मग सुटली. मामाच्या चेहऱ्यावर हसू आलं. "बघ, तू ओढून बघ. दाब कसा आहे! अजून छातीत दम आहे गड्याच्या."

मग त्याने एकच झटका मारला. इंजिन शिंकलं, दुसऱ्या झटक्याला धडधडून चालू झालं. धूर आधी काळसर आला आणि मग विरळ होत गेला. शेडच्या पत्र्यात आवाज घुमू लागला.

आणि त्या आवाजात, खालून कुठूनतरी, भाचीला दुसरा एक आवाज ऐकू आला. ठक. ठक. ठक. इंजिनाच्या धडधडीच्या आत, पण तिच्यापासून वेगळा.

"मामा, हे काय वाजतंय?" तिने विचारलं.

मामा तिच्याकडे पाठ करून उभा होता. तो धुराकडे बघत होता.

"हां, तो आवाज," पोस्टमास्तर मोठ्याने म्हणाले. "मी सांगणारच होतो. बरेच दिवस आहे तो. काय आहे मिस्त्री? काही गंभीर?"

मामा वळला. चेहरा प्रसन्न होता. "आवाज एकदम स्वच्छ," तो म्हणाला. "घड्याळासारखं चाललंय. डोळे मिटून घेऊन टाक, चिऊ."

ठक. ठक. ठक.

पोस्टमास्तरांनी भाचीकडे बघितलं. भाचीने जमिनीकडे बघितलं. त्या क्षणात तिच्या डोक्यात एकेक गोष्ट आपोआप जागेवर जाऊन बसली. फोन नेहमी मामीच उचलायची. टीव्ही चालू असला तरी मामा पेपर वाचायचा. सोबत्यांसमोर हलणारी ती मान. आजारी वडिलांवर म्हटलेलं "वा". आणि दारातून आत जाता जाता मामीने सांगितलेलं ते एवढंसं वाक्य. तिला एकदम इतकं वाईट वाटलं की ट्रॅक्टर घ्यायचा विचारही बाजूला राहिला. इथेच, परक्या माणसासमोर बोलावं तर मामाचा अपमान. न बोलावं तर खालून ते ठकठकतंय.

तिने हात वर करून इंजिन बंद करायची खूण केली. "काका, आम्ही जरा पाणी पिऊन येतो," ती पोस्टमास्तरांना म्हणाली आणि मामाच्या दंडाला धरून त्याला अंगणातल्या नळाशी घेऊन गेली.

तिथे ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"मामा, तुला ऐकू येत नाही ना?"

"कोण म्हणतं?" मामा उसळला. "मामी म्हणाली? तिला काय, तिला सवयच आहे..."

"मामी काही नाही म्हणाली. इंजिनात ठकठक होतेय, मामा. त्या काकांनाही ऐकू येतेय."

नळ थेंबथेंब गळत होता. मामाने उगाचच तो घट्ट पिळला. बराच वेळ पिळत राहिला.

"डाव्यातून थोडं येतं," तो शेवटी म्हणाला. "माणसं बोलतात ते ओठांवरून कळतं. इंजिनांना ओठ नसतात."

भाची नळाच्या कट्ट्यावर टेकली.

"आधी बारीक आवाज गेले. पाखरं, घड्याळ. मला वाटलं, पाखरंच कमी झालीत. मग एक दिवस गॅरेजात एका मोटरसायकलला किक मारत होतो. मारतोय, मारतोय, चालूच होईना. घाम फुटला. आणि बघतो तर गिऱ्हाईक माझ्याकडे डोळे फाडून बघतंय. गाडी केव्हाची चालूच होती, चिऊ." मामा हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "तो माणूस काही बोलला नाही. चांगला होता. मी त्याच आठवड्यात कुलूप लावलं. म्हटलं, लोक हसायच्या आधी आपणच उठावं."

"आणि मला सांगितलं, कंटाळा आला."

"मग काय सांगायचं? ज्याच्या कानावर सगळं चाललं होतं त्याचे कानच गेले, हे सांगायचं?" त्याने पिशवी खांद्याला लावली. "चल. त्यांना सांग, नको म्हणून. दुसरा कुणीतरी बघ. मी तुला आज खड्ड्यात घातलं असतं."

तो फाटकाकडे निघाला. भाची त्याच्यामागे धावली आणि मग आठवून पुढे जाऊन उभी राहिली.

"थांब. मला ऐकू येतंय ना? चांगलं येतंय. पण मला त्यातलं कळत काही नाही. तुला कळतं. मी काय ऐकतेय ते सांगते, तू त्याचं काय ते सांग."

"असं कुठे होतं का?"

"का नाही होत? माझ्या लहानपणी तू मला विचारायचास, पोटात दुखतंय म्हणजे कसं दुखतंय? टोचतंय की पिळतंय? मला तरी कुठे नीट सांगता यायचं. तरी तुला कळायचंच की, शाळा बुडवायची आहे ते."

मामाच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग पिशवीत हात घालून त्याने लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर काढला आणि तिच्या हातात दिला.

शेडमध्ये परत आल्यावर भाची काही सांगणार, एवढ्यात मामाच बोलला. "मास्तर, मगाशी मी आवाज स्वच्छ आहे म्हणालो, ते सोडून द्या. मी बहिरा आहे. आता ही ऐकेल आणि मी सांगेन. चालेल?"

"चालेल की," पोस्टमास्तर म्हणाले. मग त्यांना काहीतरी सुचलं आणि त्यांनी मामासमोर येऊन, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "म्हणजे मिस्त्री, मघापासून मी माझ्या वडिलांची गंमत कुणाला सांगत होतो?"

मामाने त्यांच्याकडे बघितलं. "गंमत होती होय? मला वाटलं, तुम्ही किंमत सांगताय."

तिघेही हसले. मामा सगळ्यात जास्त हसला. घरी तो असा हसलेला भाचीने कित्येक दिवसांत बघितला नव्हता.

इंजिन पुन्हा चालू झालं. मामाने तिला दाखवलं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावायची. तिने लावली आणि दचकून काढली. एवढंसं इंजिन, पण आत कारखाना चालला होता.

"सांग. कसा आवाज?"

"ठकठक."

"ठकठक म्हणजे? चमच्याने कप वाजवल्यासारखा, की मुठीने लाकडी खोकं?"

तिने डोळे मिटून ऐकलं. "खोकं. पण रिकामं नाही. भरलेलं."

"जड आवाज, म्हणजे वरचा नाही. वरच्या झडपांचे टॅपेट नाहीत." मामाने तिचा हात धरून टोक खाली नेलं. "इथे वाढला?"

"थोडा."

मामाचा चेहरा गंभीर झाला. त्याने हाताने इंजिनाचा वेग वाढवला. "आता?"

"भराभर होतोय, पण... मोठा नाही झाला. उलट कमी झाला."

"नक्की? पिस्टनचा दांडा ढिला असेल तर वेग वाढवला की आवाज हातोड्यासारखा वाढतो. तसा असेल तर हा घ्यायचा नाही, कितीही लाल असू दे. नीट ऐक."

तिने नीट ऐकलं. पाठ दुखत होती, गुडघे मातीत रुतले होते, कानाजवळचं हाड झिणझिणत होतं. "कमीच होतोय," ती ठामपणे म्हणाली. मग तिने आपणहून टोक बाजूला सरकवलं, जिथून पट्टा मागे गिअरकडे जात होता. तिथे आवाज एकदम कानात शिरला. "मामा, इथे! इथे सगळ्यात मोठा आहे!"

मामाने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याचे डोळे बारीक झाले. त्याने इंजिन बंद केलं, भराभर पट्टा उतरवला आणि पुन्हा दोरी ओढली. इंजिन धडधडलं.

"आता?"

भाचीने कान दिला. तिने श्वासही धरून ठेवला. "नाही," ती म्हणाली. "गेला. मामा, गेला तो!"

मामाने इंजिन बंद केलं, पुलीवर तळवा ठेवला आणि ती मागेपुढे हलवली. पुली दांड्यावर अगदी केसभर हलली. त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं. "पुली ढिली झालीय," तो म्हणाला. "तिला दांड्यावर घट्ट धरणारी लोखंडाची एक पट्टी असते, बोटाच्या पेराएवढी. ती झिजलीय. बाकी काही नाही. इंजिन ठणठणीत आहे." आणि तो तिथेच, तेलाच्या डागांवर, मांडी घालून बसला.

पोस्टमास्तर खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले.

मग किमतीचं बोलणं निघालं. मामाने आडपडदा ठेवला नाही. टायर बदलावे लागतील, पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय, बॉनेट लांबीवर उभं आहे. एवढं सगळं धरून तुम्ही सांगितलेला आकडा जास्त आहे. पोस्टमास्तरांनी मान्य केलं. खरं तर त्यांनी तो आकडा कुठल्यातरी दूरच्या प्रदर्शनातल्या ट्रॅक्टरचा बघून सांगितला होता आणि सांगितल्यापासून त्यांनाच तो जड जात होता. "तुम्ही म्हणाल तेवढे द्या," ते म्हणाले. "आणि ते कोपऱ्यातलं लोखंडही घेऊन जा. नाहीतर भंगारवाल्याला बोलावलंच आहे."

मामा पोत्यांच्या ढिगाकडे गेला. एक पोतं उचललं, मग दुसरं. आणि तो तसाच वाकलेला राहिला. तिथे त्याच ट्रॅक्टरला मागे जोडायचा छोटा नांगर होता, माती भुसभुशीत करायच्या तव्यांची जोडी होती, जमीन सपाट करायचं पातं होतं. गंजलेली, पण पूर्ण. कुठे जोड नाही, तडा नाही. भाची जवळ आली. आपल्या अरुंद ओळींत ती अवजारं चालताना तिला डोळ्यांपुढे दिसलीच.

मामाने तिच्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, निदान त्याला वाटलं की तो हळू आवाजात म्हणतोय, "चिऊ, हे ट्रॅक्टरच्या बरोबरीचं आहे. हे आता कुठे मिळत नाही. त्यांना माहीत नाहीये."

ते वाक्य शेडभर ऐकू गेलं. पोस्टमास्तर खिडकीतून वळले. भाची हसायला लागली, आणि मामाला कळेना काय झालं.

"त्यांना आता माहीत झालंय, मामा," ती म्हणाली. "आणि मी सांगणारच होते त्यांना."

"मग मी काय वेगळं म्हणतोय? सांग म्हणूनच सांगत होतो," मामा म्हणाला. त्याचा चेहरा इतका सरळ होता की खरं काय ते कुणालाच ठरवता आलं नाही.

ट्रॅक्टरची खाली आलेली किंमत अवजारांनी पुन्हा वर नेली. शेवटी जो आकडा ठरला तो पोस्टमास्तरांच्या पहिल्या आकड्याहून थोडाच कमी होता. पण आता भाचीला तो द्यायला जड वाटला नाही, कारण कशाचे पैसे देतोय हे तिला एकेका वस्तूवर बोट ठेवून सांगता आलं असतं.

परतताना गाडीत मामा म्हणाला, "तू चांगलं ऐकतेस. खोकं भरलेलं आहे म्हणालीस ना, तिथेच मला कळलं की जमेल."

"मामा, कान दाखवूया का कुणाला?" तिने सिग्नलला गाडी थांबल्यावर, पूर्ण वळून विचारलं.

मामाने खिडकीबाहेर बघितलं. "बघू," तो म्हणाला. मामाचं "बघू" म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण घरी पोचल्यावर त्याने मामीला स्वतःच सांगितलं, "चिऊला कळलंय." मामीने हातातलं काम तसंच ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. मग ती म्हणाली, "बरं झालं. आता मला एकटीला ओरडायला नको."

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की सगळं परत येणार नाही. बारीक आवाज गेले ते गेले, पण यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं नीट ऐकू येईल. मामाने यंत्र लावलं आणि पहिले काही दिवस नुसती कुरकुर केली. पाण्याची बादली भरताना इतका गोंगाट होतो हे तो विसरूनच गेला होता. पेपरचं पान उलटलं तरी दचकायचा. पण एक दिवस जुना सोबती भेटायला आला आणि मामाने त्याच्या बोलण्यावर मान हलवली नाही, वाद घातला. सोबती जाताना मामीला म्हणाला, "हा पुन्हा पहिल्यासारखा भांडकुदळ झालाय," आणि भलताच खूश होऊन गेला.

गॅरेजचं कुलूप निघालं ते ट्रॅक्टरसाठी. मामाने पुलीची पट्टी स्वतः कानशीने घासून बनवली. बेअरिंग बदललं. बॉनेटवरची लांबी खरवडून तिथे पत्रा जोडला. सुटीच्या दिवशी भाची जाऊन स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायची आणि मामा विचारायचा, तिचं उत्तर ऐकून मान डोलवायचा किंवा "पुन्हा ऐक" म्हणायचा. दार उघडं दिसल्यावर शेजारचा एक जण आपला पंप घेऊन आला. मामाने त्याला सांगितलं, "ठेवून जा. माझे कान रविवारी येतात."

रोपवाटिकेत ट्रॅक्टर पहिल्यांदा चालला त्या दिवशी भाचीने पोस्टमास्तरांनाही बोलावलं. ते तिसऱ्या मजल्यावरून आले, तोच इस्त्रीचा शर्ट घालून. भाचीने झाडांच्या दोन ओळींमधून ट्रॅक्टर नेला. मागे नांगराने माती उलटत गेली, काळी, ओलसर. मामा शेजारून चालत होता, एक हात चाकावरच्या पत्र्यावर ठेवून, आतली थरथर हाताने ऐकत. टोकाला पोचून ती वळली आणि तिच्या लक्षात आलं की आपण कमरेवर हात न ठेवता आसनावरून उतरू शकतो.

पोस्टमास्तर बांधावर उभे राहून बघत होते.

"तुम्ही चालवायचात का हा?" तिने विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "वडील हात लावू द्यायचे नाहीत. आणि ते गेल्यावर मला वाटायचं, आता कोण शिकवणार? मी आपला पुसायचो, रंगवायचो."

मामाने ते सगळं ऐकलं. त्याने आसनावरची माती झटकली आणि पोस्टमास्तरांना बसायची खूण केली.

"अहो, नको. झाडाला धडकवीन."

"पाय इथे ठेवा," मामा म्हणाला. "हा दाबला की थांबतो. बाकी मी आहे."

ट्रॅक्टर हलला. पोस्टमास्तरांनी चाक असं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली. आधी तो उजवीकडे गेला, मग घाबरून डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. मामा शेजारून धावत ओरडत होता, "समोर बघा! चाकाकडे नाही, समोर!" पण पोस्टमास्तर समोर बघत नव्हते. ते मागे वळून, आपल्या नांगराने उलटलेल्या मातीकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा शाळा सुटलेल्या मुलासारखा झाला होता.

ओळीच्या शेवटी ते उतरले. त्यांनी मागे बघितलं. एवढ्या सरळ ओळींमध्ये एकच सरी नागमोडी गेली होती.

"अरेरे," ते म्हणाले. "नासवलं मी तुमचं."

"चिऊ, पुन्हा सरळ मारून घेऊ का?" मामाने विचारलं.

भाचीने टोपलीतून रोपं घेतली, त्या सरीच्या सुरुवातीला जाऊन बसली आणि पहिलं रोप मातीत दाबलं.

"राहू दे," ती म्हणाली. "रोपांना काय कळतंय? तुम्ही दोघं पाणी घेऊन या."